डोंगरातील गोल्फ मैदाने : विदर्भातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने गोल्फवर लिहावे, हे कसे काय?

लष्करी नोकरीतील काही वर्षे राणीखेतला गेली आणि तेथील मैदानावर सुटीच्या दिवशी इतरांचा खेळ पाहता पाहता मीही हातात स्टिक धरली. निवृत्तीनंतर वरूड तालुक्यात वडिलोपार्जित वावर कसत असलो, तरी दर एक-दोन वर्षांनी डोंगरात जाऊन चार-सहा दिवस खेळण्याची सवय सुटलेली नाही. गावातले, नात्यातले आणि अलीकडे अमरावती-यवतमाळकडचे अनेक जण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

डोंगरातील मैदान सपाटीवरील मैदानापेक्षा वेगळे कशाने ठरते? केवळ देखाव्याने?

देखावा हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे. खरा फरक पायाखाली असतो. सपाट मैदानावर चेंडू आणि पाय एकाच पातळीत असतात. डोंगरात अशी जागा अठरा होलांमध्ये (पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) मोजकीच सापडते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो मारल्यावर डावीकडे वळतो, पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे जातो. चढावर उभे राहून मारलेला चेंडू उंच उडतो पण कमी लांब जातो आणि उतारावरून मारलेला चेंडू खालून सरपटल्यासारखा निघतो. धुऱ्यावर उभे राहून खालच्या तासात फवारा मारणाऱ्याला तोल सांभाळण्याची ही कसरत सांगावी लागत नाही. फक्त तोच तोल राखून स्टिक फिरवायची असते.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या फसवणुकीची. भोवताली मोठा डोंगर असला की ग्रीनचा, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीचा, बारीक उतार डोळ्यांना उलटा दिसू लागतो, कारण डोळा त्याची तुलना नकळत डोंगराच्या उताराशी करतो. चढ आहे असे वाटून आपण जोराने ढकलतो आणि चेंडू होल ओलांडून दहा फूट पुढे जातो. पटिंग करण्यापूर्वी (ग्रीनवर चेंडू खळग्याकडे ढकलण्यापूर्वी) डोंगराचा पायथा कोणत्या बाजूला आहे आणि पाणी कोठे वाहून जाते, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा चेंडू डोंगरापासून दूर आणि पाण्याच्या दिशेने वळतो.

उंचीवर चेंडू खरोखरच लांब जातो का?

होय, आणि त्याचे कारण साधे आहे : उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडूला होणारा अडथळा कमी होतो. ढोबळ हिशेब असा की, दर 1,000 फुटांच्या चढाईमागे अंतर सुमारे 1.16 टक्क्याने वाढते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, म्हणजे तेथे हा फायदा जेमतेम एक टक्क्याचा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर असल्याने तेथे तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. नागपुरात 150 यार्ड जाणारा आपला फटका गुलमर्गला 163 यार्डांच्या जवळपास पडेल, असे धरून एक पायरी आखूड, म्हणजे कमी लांब मारणारी स्टिक घ्यावी.

मात्र याच विरळ हवेमुळे चेंडूला मिळणारी उचलही कमी होते, त्यामुळे तो थोडा बुटका उडतो आणि ग्रीनवर पडल्यावर अपेक्षेपेक्षा अधिक धावतो. वाकडा गेलेला फटकाही थोडा कमी वाकडा जातो, ही नवख्यांसाठी आनंदाची बाब. थंडीने हा नफा अंशतः वजा होतो, कारण थंड हवा दाट असते आणि गार पडलेला चेंडू कमी उसळतो. सकाळी सात वाजताचा आणि दुपारी बारा वाजताचा फटका एकाच स्टिकने सारखा जात नाही, तो यामुळेच. चेंडू खिशात ऊबदार ठेवण्यास हरकत नाही, पण खेळ सुरू झाल्यावर तो मुद्दाम तापवणे नियमांत बसत नाही.

आयुष्यात एकदाच जायचे असेल, तर कोठे जावे?

गुलमर्ग. हे उत्तर मी फारसा विचार न करता देतो आणि नंतर विचार करूनही ते बदलत नाही.

येथील खेळाचा इतिहास 1890-91 पर्यंत मागे जातो. त्या सुमारास नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने येथे सहा होलांचे मैदान आखले. हे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन नव्हेत. आपल्या शेजारच्या जबलपूरला 1875 मध्ये ज्या अधिकाऱ्याने स्नूकर या खेळाला नाव आणि रूप दिले, तो हा चेंबरलेन. आजचे मैदान अठरा होलांचे, पार 72 चे (म्हणजे चांगल्या खेळाडूकडून पूर्ण फेरीत अपेक्षित फटके 72) आणि 7,500 यार्डांहून अधिक लांबीचे आहे. हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही, कारण वर सांगितलेल्या विरळ हवेने त्यातला बराच भाग कापला जातो.

मैदान एका विस्तीर्ण कुरणात पसरले आहे; कडेने देवदार आणि फरची झाडे, मध्ये नैसर्गिक उंचवटे आणि पलीकडे अफरवतचा डोंगर, ज्याच्या घळीत जूनमध्येही बर्फ दिसते. हिवाळ्यात हेच कुरण बर्फाखाली जाते आणि लोक त्यावर स्कीइंग करतात. म्हणून गोल्फचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर एवढाच मिळतो आणि बर्फ वितळल्यावर सुरुवातीचे काही आठवडे जमीन ओली राहते. चेंडू ज्या जागी पडतो तेथेच रुतून बसतो. माझ्या मते जूनचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर हे दोन काळ सर्वांत चांगले.

‘जगातील सर्वांत उंच गोल्फ मैदान’ ही गुलमर्गची जाहिरात मात्र तशीच्या तशी स्वीकारू नये. बोलिव्हियातील ला पाझ येथील मैदान 3,300 मीटरांच्या आसपास आहे. गुलमर्गला अशा बिरुदाची गरजही नाही.

काश्मीरमध्ये आणखी कोणती मैदाने आहेत?

श्रीनगरमध्ये दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी रॉयल स्प्रिंग्ज हे अठरा होलांचे मैदान आहे. ते अमेरिकन रचनाकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी आखले आणि 2001 मध्ये खेळासाठी खुले झाले. गुलमर्ग मोकळे आणि वाऱ्याचे, तर हे मैदान दाट झाडीचे, पाण्याच्या कडांचे आणि अचूकपणाची परीक्षा घेणारे आहे. हरवलेल्या चेंडूंची संख्या येथे वाढते. पहलगामला लिद्दर खोऱ्यातही अठरा होलांचे मैदान आहे आणि ते त्याच रचनाकाराचे काम आहे.

तेथे जाणे सुरक्षित आहे का?

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळील बैसरन कुरणात पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला, त्यात महाराष्ट्रातील पर्यटकही मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळे बंद करून पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडली. घरच्यांनी विरोध केला तर त्यांना भित्रे म्हणू नये. जायचे ठरल्यास निघण्याच्या आठवड्यात जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाकडे आणि थेट मैदानावर चौकशी करावी आणि परत मिळणारी तिकिटेच काढावीत. मन तयार नसेल तर पुढील उत्तरांतील ठिकाणे आहेतच.

नालदेहराचे एवढे नाव का आहे?

शिमल्यापासून सुमारे 22 किलोमीटरवर, 2,000 मीटरांहून अधिक उंचीवर देवदारांच्या जंगलात हे मैदान आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ही जागा इतकी आवडली की त्यांनी येथे मैदान आखवून घेतले आणि 1904 मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलीच्या नावात ‘नाल्देरा’ हा शब्द घातला. मैदानाच्या मध्यात माहूनाग देवतेचे लाकडी मंदिर आहे. बॅग खाली ठेवून नमस्कार करून पुढे जाणारे खेळाडू तेथे नेहमी दिसतात.

पार 68 चे हे मैदान लांबीने लहान आहे, पण लहान म्हणजे सोपे नव्हे. काही ठिकाणी टी (होलाचा पहिला फटका मारण्याची जागा) डोंगराच्या एका खांद्यावर आणि ग्रीन खालच्या खांद्यावर, मध्ये देवदारांची अरुंद फट, अशी मांडणी आहे. उंचावरून खाली मारताना ढोबळ नियम असा की, जितके यार्ड खाली उतरायचे तितके यार्ड अंतरातून वजा करावेत. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी स्टिक) बॅगेतच ठेवून आयर्नने (लोखंडी तोंडाच्या आखूड स्टिकने) खेळणाऱ्याचा धावफलक येथे अधिक चांगला दिसतो, आणि ज्यांना लांब मारण्याचा अभिमान आहे त्यांच्या चेंडूंवर माकडांचा हक्क राहतो.

राणीखेतबद्दल आपले मत पक्षपाती तर नाही?

आहे, आणि वाचकांनी ते ध्यानात ठेवूनच वाचावे. राणीखेत हे कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर उपट येथे लष्कराच्या देखरेखीखालील नऊ होलांचे मैदान आहे आणि शुल्क भरून नागरिकांनाही तेथे खेळता येते. उंची सुमारे 1,800 मीटर. आकाश स्वच्छ असेल तर राणीखेतहून त्रिशूल आणि नंदादेवीची शिखरे दिसतात.

मला हे मैदान आवडते ते त्याच्या साधेपणामुळे. येथे बडेजाव नाही, ग्रीन काचेसारखे नाहीत, कडेला चीडची झाडे असल्याने फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) त्यांची सुयांसारखी पाने पडतात आणि त्यांवरून पाय घसरतो. नवख्या माणसाने पहिला डोंगरी अनुभव येथेच घ्यावा. एकच नऊ होल दोनदा खेळताना सकाळची चूक दुपारी दुरुस्त करता येते, ही सोय अठरा होलांच्या मैदानावर मिळत नाही.

तेथून नैनीताल जवळ आहे आणि नैनीतालच्या राजभवनाच्या आवारात अठरा होलांचे जुने मैदान आहे. ते चढउतारांचे, अरुंद आणि छोट्या ग्रीनचे आहे. राजभवनाचा परिसर असल्याने प्रवेशाची खात्री आधी करून घ्यावी.

ईशान्य आणि दक्षिणेकडील मैदानांचे काय?

शिलाँगचे मैदान पाइनच्या झाडांनी वेढलेल्या खोलगट खोऱ्यात, सुमारे 5,200 फुटांवर आहे. येथे 1898 मध्ये नऊ होलांनी सुरुवात झाली आणि 1924 मध्ये अठरा होलांचे मैदान झाले. चेरापुंजी आणि मौसिनराम फार दूर नसल्याने पावसाळ्यात जाण्याचा विचारही करू नये. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

दक्षिणेत निलगिरीतील उटी आणि पळणी डोंगरातील कोडाइकनाल येथे अठरा होलांची, तर मुन्नारला चहाच्या मळ्यांमध्ये नऊ होलांचे मैदान आहे. कोडाइकनालचा क्लब 1895 मधला. त्या मैदानावर रानगवे चरायला येतात. ताडोबात किंवा मेळघाटात गाडीत बसून, श्वास रोखून जो प्राणी पाहायचा, तो येथे फेअरवेवर उभा असतो आणि आपण हातात लोखंडी स्टिक घेऊन त्याच्या निघून जाण्याची वाट पाहतो. जवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही.

नेपाळ आणि भूतान?

थिंफूला ताशिछो झोंग या किल्लेवजा मठाच्या शेजारी नऊ होलांचे मैदान आहे. खेळापेक्षा शुल्काचा विचार आधी करावा लागतो, कारण भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला प्रतिव्यक्ती प्रतिरात्र 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. पोखऱ्याचे हिमालयन गोल्फ कोर्स ब्रिटिश गुरखा सैन्यातून निवृत्त झालेले मेजर राम बहादूर गुरुंग यांनी नदीच्या खोल घळीत उभे केले. तेथे गवत कापण्याचे बरेचसे काम मेंढ्या-बकऱ्या करतात. आपल्याकडच्या माणसाला ही व्यवस्था फार पटते.

विदर्भाजवळ काहीच नाही का? चिखलदऱ्याला मैदान का होत नाही?

नागपूर-कामठी परिसरात लष्कर आणि हवाई दलाच्या ताब्यातील मैदाने आहेत. ती सपाटीवरची असून तेथे परवानगीने किंवा ओळखीने प्रवेश मिळतो. डोंगर हवा असेल तर सर्वांत जवळचे ठिकाण पचमढी. नागद्वारच्या यात्रेला किंवा महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्या आपल्या भाविकांना ते गाव पाठ आहे, पण तेथे लष्कराच्या हद्दीत गोल्फचे मैदान आहे, हे त्यांतील फार थोड्यांनी पाहिलेले असते. पचमढी सुमारे 1,067 मीटरवर आहे. खेळायचे असल्यास अर्थातच यात्रेचे दिवस टाळून जावे.

चिखलदऱ्याला बाहेरच्या माणसाला जाऊन खेळता येईल असे मैदान नाही. हवामान अनुकूल आहे, कॉफी पिकते एवढा गारवा आहे आणि गाविलगडाच्या बाजूचा देखावा कोणत्याही मैदानाला साजेल असा आहे. परंतु पठार आटोपशीर आहे, भोवताली मेळघाटचे जंगल आहे आणि पाऊस चार महिने धो-धो पडूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते. अठरा होलांचे मैदान उन्हाळाभर हिरवे ठेवायला रोज लाखो लिटर पाणी लागू शकते. ज्या डोंगरात एप्रिलमध्ये बायाबापड्या हंडे घेऊन उतरतात, तेथे गवताला पाणी द्यावे, असे गोल्फची आवड असूनही माझ्या तोंडून निघणार नाही.

गोल्फच्या मैदानावरचे गवत कोणते असते?

हा प्रश्न शेतकरीच विचारतात, आणि उत्तर ऐकून हसतात. सपाटीवरील बहुतेक भारतीय मैदानांवर जे ‘बर्म्युडा’ गवत असते ते म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. पऱ्हाटीतून जी काढता काढता निंदणाऱ्या बायांची कंबर मोडते, तिच्या निवडक जाती लोक पैसे मोजून लावतात आणि मिलिमीटरमध्ये कापतात. हरळीला ऊन आवडते, थंडीत ती पिवळी पडून झोपी जाते. म्हणून काश्मीरसारख्या ठिकाणी बेंट, राय, फेस्क्यू अशी थंडीत टिकणारी गवते असतात. ती मऊ असतात, हरळीसारखी चेंडूला उचलून धरत नाहीत, त्यामुळे चेंडू पात्यांत खाली बसतो आणि वेज (जवळून चेंडू उंच उडवण्याची स्टिक) थोडी अधिक उघडी धरून मारावी लागते.

शेतीची कामे सांभाळून कोणत्या दिवसांत जावे?

दोन मोकळ्या खिडक्या आहेत. पहिली, हरभरा-गहू निघाल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत : आपल्याकडे पारा 45 अंशांवर असताना नालदेहरा आणि राणीखेत ऐन बहरात असतात, गुलमर्ग मेमध्ये नुकते उघडलेले असते. दुसरी, पोळ्यानंतर सोयाबीन काढणीला येईपर्यंतचा सप्टेंबर. त्या वेळी हिमाचल-उत्तराखंडमध्ये पावसाची शेपूट शिल्लक असते आणि दरडी कोसळतात, म्हणून त्या खिडकीत काश्मीरच निवडावे. तेथे मोसमी पावसाचा जोर कमी असतो. कापसाची सीतादही झाली की मग मात्र वेचणी संपेपर्यंत गोल्फचे नाव घरात काढू नये.

प्रवास कसा करावा?

नागपूरहून जम्मू-कटऱ्याकडे थेट गाड्या आहेत आणि जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडी सुरू झाल्याने आता विमानाशिवायही श्रीनगर गाठता येते. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे 50 किलोमीटर, टंगमर्गमार्गे. शिमल्यासाठी दिल्लीमार्गे कालका आणि तेथून 1903 मध्ये सुरू झालेली छोटी गाडी, राणीखेत-नैनीतालसाठी काठगोदाम. स्टिकची बॅग विमानात वेगळ्या सामानात द्यावी लागते आणि टोके जुन्या टॉवेलात गुंडाळली नाहीत तर वाकून येतात, हे मी एकदा पैसे मोजून शिकलो.

स्वतःचे साहित्य नसेल तर?

मोठ्या मैदानांवर भाड्याने संच मिळतो. लहान मैदानांवर तो असेलच असे नाही, म्हणून आधी फोन करावा. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त 14 स्टिक चालतात, पण डोंगरात सात पुरेशा आहेत आणि वजन वाहणाऱ्यावर दयाही होते. कॉलरचा शर्ट आणि पूर्ण पँट न्यावी, अनेक क्लब गोल गळ्याचा टी-शर्ट चालू देत नाहीत. बुटांवर पैसे वाचवू नयेत.

कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) घ्यावाच का? त्याच्याशी कसे वागावे?

डोंगरात घ्यावाच. उतार कोणत्या बाजूचा हे आपला डोळा सांगत नाही, ते त्याला पाठ असते. मी एका ग्रीनवर तीनदा कॅडीचे न ऐकता स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि तिन्ही वेळा चेंडू खालच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) गेला. तो वयाने मोठा असेल तर त्याला भैया, चाचा, दाजू असे तेथल्या रीतीने हाक मारावी, ‘ए कॅडी’ असे ओरडू नये. मजुरीचा दर क्लबमध्ये विचारून घ्यावा आणि शेवटी घासाघीस करू नये. हंगाम सहा महिन्यांचा आणि घर बारा महिन्यांचे असते, हे सोयाबीनवाल्याला कळायला हवे.

उंचीवर दम लागतो का?

2,500 मीटरांवर काहींना डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे असा त्रास होतो. गुलमर्गला पोहोचल्याच्या दिवशी खेळू नये, पाणी भरपूर प्यावे, पहिल्या दिवशी नऊच होल खेळावेत. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत आखावा.

माकडाने किंवा कावळ्याने चेंडू उचलून नेला तर?

हा प्रश्न गमतीचा वाटला तरी नालदेहराला रोजचा आहे. प्राण्याने किंवा पक्ष्याने स्थिर चेंडू हलवला, तर दंड लागत नाही; तो मूळ जागी, किंवा जागा नक्की ठाऊक नसल्यास अंदाजाने त्या ठिकाणी परत ठेवून खेळावे, मूळ चेंडू हाती लागला नाही तर दुसरा घेता येतो. मात्र माकडानेच नेला हे कोणी पाहिलेले असावे किंवा जवळपास निश्चित असावे. नुसताच सापडत नसेल, तर 2019 पासून शोधायला तीनच मिनिटे मिळतात आणि त्यानंतर एक फटका दंड घेऊन मागच्या जागी परतावे लागते. देवदारांखाली तीन मिनिटे फार लवकर संपतात, म्हणून प्रत्येक फेरीला दोन जादा चेंडू खिशात ठेवावेत.